वाचक विचारतात : पोरगा परदेशात, गाडी भाड्याची, लायसन्स कोणाचं?

मागच्या अंकात व्हिसाच्या प्रश्नांना उत्तरं देताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, परदेशात गाडी भाड्याने घेण्याबद्दल काही शंका असतील तर कळवा म्हणून. त्यानंतर जे मेल आणि व्हॉट्सॲप सुरू झालेत ते थांबायचं नावच घेईनात. कॉलेज रोडपासून निफाडपर्यंत प्रत्येक घरातलं कोणीतरी बाहेर आहे असं वाटायला लागलंय. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे, जाऊन सव्वा वर्ष झालं. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जातोय. तो म्हणतो गाडी भाड्याने घेऊ, ब्लॅक फॉरेस्ट बघू, मग स्वित्झर्लंड करू. जाताना त्याने इंटरनॅशनल लायसन्स काढलं होतं ते संपलं. बाबा, तुम्ही पेठ रोडच्या आरटीओत जाऊन नवीन काढा आणि येताना घेऊन या, असं त्याचं म्हणणं. नाशिकचं मूळ लायसन्स अजून चालू आहे. एजंट म्हणतो काम होईल. करू का?
— निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर

काका, एजंट होच म्हणणार, त्याचं काय जातंय. पण ते परमिट हातात आलं तरी तुमच्या मुलाला जर्मनीत गाडी चालवता येणार नाही, आणि हे त्यालाही माहीत नाही असं दिसतंय, तेव्हा आधी त्याला फोन करा.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, सगळे आयडीपी म्हणतात ते, हे काही वेगळं लायसन्स नाही. आपल्या मूळ लायसन्सवर जे लिहिलंय तेच दुसऱ्या देशातल्या पोलिसाला वाचता यावं म्हणून ठरलेल्या नमुन्यात करून दिलेली पुस्तिका, एवढाच त्याचा जीव. आपल्याकडे ती १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळते आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालते. सोबत मूळ लायसन्स नसेल तर तिला किंमत नाही, आणि मूळ लायसन्सच त्या देशात चालत नसेल तर आयडीपी कितीही नवा कोरा असो, तोही चालत नाही. तुमच्या मुलाचं नेमकं इथेच अडलंय.

जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाचं युरोपाबाहेरचं लायसन्स तिथं राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. मुक्काम एक वर्षाच्या आतच संपणार आहे हे दाखवून अर्ज केला तर मुदत थोडी वाढवून मिळते, पण सव्वा वर्ष झालेल्याला तो मार्गही बंद. सहा महिन्यांनंतर नाशिकच्या लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे तिथल्या कायद्याच्या नजरेत बिनलायसन्स गाडी चालवणं. तो तिकडे फौजदारी गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. आणि बिनलायसन्स माणसाच्या हातात जाणूनबुजून गाडी देणाराही त्याच कलमात सापडू शकतो. ब्लू कार्ड, नोकरी, पुढे पर्मनंट रेसिडेन्सी असं सगळं मार्गी लागत असताना पोलिसात केस कोणाला हवीय.

आता गंमत बघा, तुम्ही चालवू शकता! मुलगा तिथला रहिवासी झाला म्हणून त्याचं लायसन्स बाद, आणि तुम्ही पाहुणे म्हणून जाताय तर तुमचं नाशिकचं लायसन्स आणि आयडीपी दोन्ही चालतात. एकाच आरटीओने दिलेली दोन लायसन्सं, एक चालतं एक नाही. भाड्याच्या गाडीच्या सगळ्या गोंधळात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो आणि कोणीच विचारत नाही : जिथं गाडी घ्यायचीय तिथं तुम्ही पाहुणे आहात का राहणारे? पासपोर्ट कुठला हे कोणी बघत नाही.

तेव्हा पेठ रोडला जाच, पण स्वतःसाठी. साठीच्या आसपास असाल तर आधी लायसन्सवरची तारीख बघा, पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं आणि बऱ्याच जणांना ते संपलेलं काउंटरवर कळतं. मूळ लायसन्स आधी संपत असेल तर आयडीपीही त्याच दिवशी संपतो.

बुकिंग करताना मुख्य ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव टाका आणि क्रेडिट कार्डही तुमच्याच नावाचं हवं, मुलाचं कार्ड आणि तुमचं लायसन्स असं बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण डिपॉझिटची रक्कम ते ड्रायव्हरच्या कार्डावर अडकवून ठेवतात. बँकेतून निवृत्त झालात म्हणजे हे काम सोपं आहे, कार्डावर इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या आणि लिमिट वाढवून घ्या. डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्डवर डिपॉझिट घ्यायला बरेच काउंटर नाही म्हणतात. गिअरचं पण बघा, युरोपात काही न सांगता बुक केली तर स्वस्तातली गाडी बहुधा मॅन्युअल येते आणि तिथं गिअर उजव्या हाताला असतो, आयुष्यभर डाव्या हाताने गिअर टाकल्यावर रस्त्याची उजवी बाजू आणि हे दोन्ही एकदम नको, थोडे युरो जास्त गेले तरी ऑटोमॅटिक घ्या.

स्वित्झर्लंडला जायचंय हे गाडी घेतानाच सांगा, सीमा ओलांडायची परवानगी कराराच्या कागदावर लिहून घ्या. आणि स्विस हायवेसाठी व्हिन्येट म्हणजे टोल भरल्याचं स्टिकर लागतं, वर्षाचं ४० फ्रँकचं, जर्मनीत घेतलेल्या गाडीवर ते लावलेलं असेलच असं नाही. जर्मनीत आणखी एक नियम अंगवळणी पाडून घ्या, गल्लीबोळात जिथं सिग्नल नाही बोर्ड नाही तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्या द्वारका सर्कलला जो आधी बोनेट घालेल तो पुढे, तसं तिकडे करू नका.

आणि कृपा करून दहा मिनिटं मी घेतो बाबा, तुम्ही दमलात, असं म्हणून मुलाला स्टिअरिंगवर बसू देऊ नका. काही झालं तर गाडीचं नुकसान, समोरच्याचं नुकसान, सगळं विम्यातून बाहेर पडून तुमच्याच गळ्यात येऊ शकतं.

मुलाने काय करायचं? तिथल्या लायसन्स ऑफिसला लायसन्स बदलून घ्यायचा अर्ज. भारताचं सरळ बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, डोळ्यांची तपासणी आणि फर्स्ट एडचा कोर्सही. पण आपलं लायसन्स चालू असेल तर नवशिक्याला जे सक्तीचे तास भरावे लागतात ते भरावे लागत नाहीत, लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, ड्रायव्हिंग स्कूलमार्फत परीक्षेला बसायचं. म्हणून त्याचं नाशिकचं लायसन्स संपू देऊ नका, तीच त्याची शिडी आहे. जर्मन लायसन्स देताना ते आपलं मूळ लायसन्स जमा करून घेतात, तेव्हा दोन्ही बाजूंचा चांगला स्कॅन काढून ठेवायला सांगा.

प्रश्न : आम्ही पिंपळगावहून द्राक्ष एक्स्पोर्ट करतो. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका हे फळांचं प्रदर्शन असतं, यंदा तिथूनच गाडी घेऊन रॉटरडॅमला बायरकडे जाऊ म्हणतो. माझं लायसन्स जुनं पुस्तकवालं आहे, पार्टनरचं स्मार्ट कार्ड आहे. व्हिसा अजून लागलेला नाही. आरटीओत नक्की काय काय लागतं, मेडिकल लागतं का, किती दिवस आधी काढायचं?
— एक द्राक्ष बागायतदार

दादा, ऐन हंगामात आठवडाभर बाहेर म्हणजे घरी शिव्या बसणार, पण ते तुमचं तुम्ही बघा.

पार्टनरचं सोपं आहे. सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या कामांच्या सरकारी वेबसाइटवर, महाराष्ट्र निवडायचं, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची, आयडीपीचा अर्ज म्हणजे फॉर्म ४-ए तिथंच भरला जातो, फी १,००० रुपये. पासपोर्ट, लायसन्स, फोटो, तिकीट झालं असेल तर त्याची कॉपी बरोबर ठेवायची. व्हिसा आणि मेडिकलचं म्हणाल तर आधी दोन्ही मागायचे, जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने नियम बदलून या दोन्ही अटी काढल्यात. कारण साधं आहे, ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्याची तब्येत परत कशाला तपासायची, आणि कित्येक देशांत व्हिसा तिथं उतरल्यावरच मिळतो. तरीही काउंटरवर कोणी व्हिसा मागितला तर वाद घालत बसण्यापेक्षा शांतपणे नियम दाखवा, तुमचा अर्ज अडायचं कारण नाही.

तुमचं पुस्तकवालं लायसन्स मात्र आधी ऑनलाइन रेकॉर्डवर यायला हवं. पुस्तकाचा नंबर सारथीवर टाकला आणि काहीच निघालं नाही तर समजायचं बॅकलॉग एंट्री बाकी आहे, ती करून घ्या, मग स्मार्ट कार्ड काढा, मग आयडीपी. हा क्रम उलटा करता येत नाही. आणि तारीख तपासा हो! मुदत संपून एक वर्षाच्या आत असाल तर परीक्षा न देता रिन्यू होतं, वर्ष उलटलं असेल तर परत ट्रॅकवर गाडी चालवून दाखवावी लागेल. हे सगळं दिवाळीनंतर लगेच सुरू करा, छाटण्या-फवारण्यांच्या गडबडीत जानेवारी कधी येतो कळत नाही. पण आयडीपीचा शेवटचा अर्ज फार आधी करू नका, त्याचं वर्ष काढल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विमानात बसल्यापासून नाही.

पुस्तिका हातात आली की तिथंच उघडून बघा. ऑगस्ट २०२२ पासून सगळ्या देशात एकाच नमुन्याची पुस्तिका देतात आणि मूळ लायसन्सशी जोडलेला क्यूआर कोड तिच्यावर असतो. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, कारच्या वर्गासमोरचा शिक्का, एवढं तपासूनच बाहेर पडा. आणि मोबाईलमधलं डिजिलॉकर आपल्या पोलिसाला चालतं, बर्लिनच्या काउंटरवरच्या माणसाला नाही, प्लास्टिकचं मूळ कार्ड खिशात पाहिजेच.

गाडीचं बोलायचं तर बर्लिन ते रॉटरडॅम सातशे किलोमीटरच्या आसपास आहे, दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांची नावं करारावर घाला, दुसऱ्या ड्रायव्हरचे वेगळे पैसे लागतात पण ते वाचवू नका. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वन-वेचे पैसे कधी कधी गाडीच्या भाड्याइतके होतात, हिशोब करून बघा, हॉलंडच्या सीमेआधीच्या एखाद्या जर्मन गावात सोडून पुढे ट्रेनने गेलेलं परवडतं का ते. फेब्रुवारी म्हणजे बर्फ, जर्मनीत रस्त्यावर बर्फ-पाणी गोठलेलं असेल तर हिवाळ्याचे टायर असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही, बुकिंगमध्ये ते आहेत का हे विचारून घ्या. नेदरलँड्समध्ये बहुतेक हायवेवर दिवसा १०० ची मर्यादा आहे, जर्मनीत काही ठिकाणी मर्यादाच नसते, सीमा ओलांडली की पाय आवरायचा. कॅमेऱ्याने पकडलं तर पावती सरळ गाडीच्या कंपनीकडे जाते आणि ती कंपनी तुमच्या कार्डावरून दंडाशिवाय स्वतःचा वेगळा हात मारून घेते.

पत्रात शेवटी तुम्ही लिहिलंय की भाचा आयंडहोवनला नोकरीला आहे, त्याला चालवायला बसवू. तो तिथं नोंदणी करून १८५ दिवसांपेक्षा जास्त राहिलेला असेल तर त्याचं भारतीय लायसन्स बाद झालेलं असणार. पण त्याला एक विचारा, त्याला पगारात ते ३० टक्के रूलिंग म्हणतात ती करसवलत मिळते का? मिळत असेल तर नेदरलँड्समध्ये आपलं भारतीय लायसन्स परीक्षा न देता बदलून देतात, बरोबर राहणाऱ्या बायकोचं पण. हे कित्येक आयटीवाल्या पोरांना माहीतच नसतं आणि ती उगाच परीक्षेला पैसे भरत बसतात.

प्रश्न : मी दुबईत अकाउंटंट आहे, रेसिडेन्स व्हिसा आहे. सुट्टीत नाशिकला आले की आयडीपी काढून नेला तर तिथं वीकेंडला गाडी भाड्याने घेता येईल का? माझी बहीण व्हिजिटवर आली होती तिला आयडीपीवर गाडी मिळाली.
— मूळ सिडको, सध्या दुबई

नाही ताई, आणि कारण वर इंदिरानगरच्या काकांना सांगितलं तेच. बहीण पाहुणी होती, तुम्ही राहणाऱ्या आहात. रेसिडेन्स व्हिसा लागला की तिथं तिथलंच लायसन्स लागतं. भारताचं सरळ बदलून देत नाहीत, ड्रायव्हिंग स्कूलला नाव घालून परीक्षा द्यावी लागते, खर्च भरपूर येतो हे खरं, पण दुसरा मार्ग दाखवणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

एकदा तिथलं लायसन्स मिळालं की मग युरोपला किंवा जॉर्जियाला फिरायला जाताना आयडीपी युएईतूनच काढायचा. ज्या देशाने लायसन्स दिलं त्याच देशाचा आयडीपी, ही जोडी फोडायची नाही. दुबईचं लायसन्स आणि पेठ रोडचा आयडीपी अशी खिचडी कुठल्याच काउंटरवर शिजत नाही.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला आहे, दोन वर्षं झाली, तिथलं लायसन्स काढलंय. ऑक्टोबरमध्ये मैत्रिणींबरोबर जपानला जातेय, होक्काइडोत गाडी घेणार. तिचं भारतीय लायसन्सपण अजून चालू आहे. आपल्याकडे आयडीपी हजार रुपयात मिळतो तर इकडूनच काढून पाठवू का?
— गृहिणी, गंगापूर रोड

उलट तिकडेच स्वस्त आहे! ब्रिटनमध्ये आयडीपी ५.५० पाउंडाला मिळतो, पूर्वी पोस्टात मिळायचा, एप्रिल २०२४ पासून पेपॉइंटची पाटी असलेल्या दुकानात. लायसन्स, पासपोर्ट आकाराचा फोटो घेऊन जायचं, तिथल्या तिथं करून देतात. फक्त मागताना १९४९ चा मागायचा. तिथं तीन प्रकारचे आयडीपी मिळतात, १९२६ चा, १९४९ चा आणि १९६८ चा, प्रत्येक वेगळ्या कराराचा. जपान फक्त १९४९ चा मानतो. काउंटरवरच्या मुलाने चुकून १९६८ चा दिला तर साप्पोरोला उतरल्यावर गाडी मिळणार नाही, बुकिंगचे पैसेही गेले.

तुमच्या निमित्ताने जर्मनीवाल्यांनाही सांगून ठेवतो, कारण तीच चौकशी दोघांनी केलीय. जर्मन लायसन्सवर मिळणारा आयडीपी जपानला चालत नाही, जर्मनी १९४९ च्या करारात नाही. त्यांना आयडीपीऐवजी लायसन्सचं अधिकृत जपानी भाषांतर घ्यावं लागतं, ते जपान ऑटोमोबाईल फेडरेशन करून देतं. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि बेल्जियमच्या लायसन्सलाही तसंच.

ब्रिटनला नुकत्याच गेलेल्या मुलांसाठी : तिथं राहायला लागल्यापासून भारतीय लायसन्स १२ महिने चालतं. त्यानंतर ३४ पाउंड भरून प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, २३ पाउंडाची लेखी, मग रस्त्यावरची परीक्षा. परीक्षेची तारीख मिळायला कित्येक महिने लागतात, तेव्हा बारावा महिना उजाडायची वाट बघू नका. प्रोव्हिजनलवर भाड्याची गाडी मिळत नाही. आणि ब्रिटन आपलं लायसन्स काढून घेत नाही, म्हणून सुट्टीत नाशिकला आल्यावर बाबांची गाडी चालवायला तेच वापरा.

प्रश्न : मी टेक्सासला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. आल्या आल्या एअरपोर्टवर नाशिकच्या लायसन्सवर गाडी दिली, आयडीपी कोणी विचारलाच नाही. मग हजार रुपये कशाला घालवायचे?
— एक सॉफ्टवेअरवाला

दिली ना, कारण लायसन्सवर इंग्रजी आहे आणि काउंटरवरच्या माणसाला ते वाचता आलं. पण गाडी देणारा आणि रस्त्यात अडवणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. कंपनीने चावी दिली म्हणजे कायद्याने परवानगी दिली असं होत नाही, हा गैरसमज फार जणांचा आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. टेक्सासला राहायला आल्यावर ९० दिवस जुन्या लायसन्सवर चालतं, कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत तिथलं काढायला लागतं, तिथं फिरायला आलेला माणूस मात्र आपल्या लायसन्सवर चालवू शकतो. म्हणजे तुमच्याकडे राहायला आलेली आई कॅलिफोर्नियात गाडी चालवू शकेल आणि तिथंच नोकरी करणारा तुमचा मित्र नाही, परत तोच किस्सा. कॅनडातही साधारण तसंच, ऑंटारिओत नवीन आलेल्याला ६० दिवस.

तुमचे ९० दिवस उलटले असतील तर आयडीपीचा विषय संपला, टेक्सासचं लायसन्स काढा. पुढे तिथून इटलीला वगैरे जाणार असाल तर अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनकडून, म्हणजे ‘ट्रिपल ए’कडून, २० डॉलरला आयडीपी मिळतो आणि इटलीत तो खरंच लागतो, युरोपाबाहेरच्या लायसन्सबरोबर आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर नसलं तर पोलीस दंड करतात. इटलीत जुन्या गावांच्या मध्यभागी गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, झेडटीएल लिहिलेली पाटी आणि वर कॅमेरा. दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं, तोपर्यंत तुम्ही फोटो लावून विसरलेले असता.

आणि अमेरिकेत भाड्याच्या गाडीचा विमा नीट वाचा. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारं कव्हर आपल्याला वाटतं तसं आपोआप पुरेसं येत नाही, स्वतःची गाडी आणि तिचा विमा नसलेल्या नवीन माणसाने ते वेगळं घेतलेलं बरं. दवाखान्याचं एक बिल बघितलंत की कळेल का म्हणतोय.

प्रश्न : एका वेबसाइटवर दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स मिळतंय, घरपोच, कार्ड आणि पुस्तक दोन्ही. घेऊ का?
— सातपूर

नको. १९४९ च्या करारातला आयडीपी एक वर्षाचा, १९६८ च्यातला फार तर तीन वर्षांचा, दहा वर्षांचा आयडीपी जगात नाही. आपल्या लायसन्सवरचा हवा तर आरटीओ.

प्रश्न : आयडीपी परदेशात असतानाच संपला तर नाशिकला यावं लागतं का?
— दोन वाचकांकडून

नाही, २०२१ च्या त्याच बदलात ही सोय झालीय. तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत अर्ज द्यायचा, तो ऑनलाइन इकडच्या आरटीओकडे येतो आणि आरटीओ तिकडच्या पत्त्यावर कुरियर करतं. पण अर्ज करण्याआधी वरची सगळी उत्तरं वाचा, तुम्ही तिथले रहिवासी झाला असाल आणि तिथली मुदत उलटली असेल तर नवा आयडीपी घेऊन करणार काय?

प्रश्न : आम्ही चार मित्र फुकेतला जातोय, स्कूटर भाड्याने घेणार. चौघांकडे कारचं लायसन्स आहे, आयडीपी काढतोय.
— इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी

कारचा आयडीपी स्कूटरला चालत नाही. आयडीपीत गाडीच्या वर्गासमोर शिक्के असतात, दुचाकीचा ए आणि कारचा बी. तुमच्या मूळ लायसन्सवर दुचाकी असेल तरच ए समोर शिक्का बसतो. दुकानदार काही न बघता स्कूटर देतो, पासपोर्टपण ठेवून घेतो, तो मात्र देऊ नका, डिपॉझिट पैशात द्या. अपघात झाला की ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न हाच विचारतात, की त्या वर्गाचं लायसन्स होतं का. आधी दुचाकीचं लायसन्स काढा, शिकाऊ मिळाल्यावर पक्कं मिळेपर्यंत महिना जातोच, तेव्हा तिकीट त्यानंतरचं बघा. हेल्मेट घाला, तिकडे पोलीस त्यासाठी अडवतात.

प्रश्न : अंबडच्या कंपनीकडून मशीन बघायला चीनला जातोय, तिथं आयडीपीवर गाडी मिळेल का?

नाही, चीन आयडीपी मानतच नाही. ड्रायव्हरसकट गाडी घ्या, कंपनीलाही तेच स्वस्त पडेल.

प्रश्न : माझं लायसन्स लग्नाआधीच्या नावावर आहे, पासपोर्ट सासरच्या नावावर. नवऱ्याकडे ऑस्ट्रेलियाला सिडनीला जायचंय, तिथं गाडी चालवायची आहे. आयडीपी कुठल्या नावाने निघेल?
— दिंडोरी

आयडीपीवर लायसन्सवरचंच नाव येतं, आणि सिडनीच्या काउंटरवर लायसन्स, आयडीपी, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड चारही शेजारी ठेवून बघतात. दोन वेगळी आडनावं दिसली की गाडी अडते, तिथं मॅरेज सर्टिफिकेट दाखवून समजावत बसायला कोणाला वेळ नसतो. तेव्हा आधी सारथीवर लायसन्सच्या नावात बदल करायचा अर्ज करा, मॅरेज सर्टिफिकेट आणि पासपोर्ट जोडा, नवीन कार्ड हातात आलं की मगच आयडीपी.

आणि नवऱ्याकडे कायमचं राहायला जात असाल तर लक्षात ठेवा, न्यू साउथ वेल्समध्ये टेम्पररी व्हिसावर राहणाऱ्यांनाही सहा महिने झाल्यावर तिथलं लायसन्स घ्यावं लागतं, जुलै २०२३ पासून हा नियम लागू आहे. त्या अर्जालाही भारतीय लायसन्सवर पासपोर्टवालंच नाव असलेलं सोयीचं, म्हणून नावाचं काम इकडूनच उरकून जा. मिस्टर तिकडे गेल्यापासून कुठल्या लायसन्सवर गाडी चालवतायत तेही एकदा विचारा.